मकोला बाजारातल्या बायका

[संघटनेच्या मार्च २०२५ मधल्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. – संपादक मंडळ]



फळ्यावर माझ्या बोलण्याचा विषय ‘आफ्रिकेचा दौरा’ असा लिहिलाय. आधी तेवढं दुरुस्त करते. आफ्रिकेत चोपन्न देश आहेत. त्यांतल्या घाना या एका देशाच्या अक्रा या राजधानीत मी राहून आले, तेही फक्त अकरा दिवस. अक्रात अकरा दिवस! तेव्हा माझ्या सांगण्याला तेवढाच मान द्या. कुणी पॅरिसला जाऊन आलं तर आपण ‘युरोपचे लोक असे असतात’ असं भाषण ठोकत नाही. आफ्रिकेचं मात्र ठोकतो.

फेब्रुवारी २०२३ मधली ही गोष्ट. असंघटित क्षेत्रातल्या बायकांबरोबर काम करणाऱ्या निरनिराळ्या देशांतल्या संघटनांची एक बैठक तिथे होती. आपल्याकडून दोघी गेलो. मी आणि आपल्या पालेभाजीवाल्या आक्का. आक्का समोर बसल्यात, त्यामुळे मला थापा मारायची सोय नाही.

जायचं ठरल्यावर नातेवाईकांनी काय काय ऐकवलं, ते तुम्हाला माहीतच आहे. ‘जपून हं’, ‘दागिने नेऊ नकोस’, ‘तिथे खायला काय मिळणार?’ आमच्याच सोसायटीतल्या एका शिकलेल्या बाईंनी तर, ‘तिथले लोक अंगावर येतात म्हणे’ असं सांगितलं. २०१७ साली दिल्लीशेजारी ग्रेटर नोएडाला आफ्रिकन विद्यार्थ्यांच्या अंगावर कोण गेलं होतं, हे मी त्यांना विचारलं नाही. विचारायला हवं होतं. पीतज्वराची लस टोचून घेतली, ते पिवळं कार्ड पासपोर्टात ठेवलं, आणि मुंबईहून आदिस अबाबामार्गे अक्राला उतरलो.

अक्रा समुद्रावर आहे. पण चौपाटीवर बसून सूर्यास्त बघावा, असं मला तिथे फार वेळ वाटलंच नाही, कारण शहर सगळं रस्त्यावर! ट्रोट्रो नावाच्या खटारा मिनीबस, दारात लोंबकळत गावांची नावं ओरडणारा पोऱ्या, आणि गाडीच्या मागे रंगवलेली सुभाषितं. आपल्या ट्रकमागे असतात ना, तशीच. फक्त तिकडे देवाचं नाव जास्त. दुकानांच्या पाट्यांवरही देव. देवकृपा केशकर्तनालय, प्रभूची इच्छा टायरवाले, अशा धर्तीचं. रात्री कुठून तरी गाणी, कुठून तरी चर्चमधला कर्णा. सिग्नलला गाड्या थांबल्या की विकणाऱ्यांची झुंबड. पाण्याच्या पिशव्या, केळीचे वेफर, आरसे, कुत्र्याची पिल्लं, इस्त्री, सगळं डोक्यावर किंवा हातावर. डोक्यावर काचेची पेटी, पेटीत वडे, आणि बाई धावत्या गाडीच्या खिडकीतून सुटे पैसे देतेय. पेटी हलत नाही.

आक्का पहिल्या दिवशी खिडकीला नाक लावून बसल्या होत्या. तासाभराने म्हणाल्या, “ताई, हितं तर समद्या बायाच हायेत की. बापय गेले कुटं?”

पुरुष होते अर्थात. गाड्या चालवत होते, बँकेत होते, संसदेत होते. पण विकायला बसलेलं, उभं असलेलं, धावत असलेलं माणूस बहुतेक बाईच. आणि या सगळ्या बायकांचं माहेर म्हणावं अशी जागा म्हणजे मकोला बाजार.

मकोलाचं वर्णन करायला मी कमी पडते. आपली मंडई घ्या, त्यात तुळशीबाग घाला, वर दादरचा फूलबाजार ओता, आणि दिवाळीच्या आदल्या दिवशीची गर्दी रोज आहे असं समजा. सुकवलेल्या माशांचा, मिरचीचा, साबणाचा आणि नव्या कापडाचा वास एकत्र येतो. इंग्रजांच्या काळात, १९२४ साली, हा बाजार बांधला. त्याच्याही कितीतरी आधीपासून इथल्या गा जमातीच्या बायका किनाऱ्यावर विकायला बसतच होत्या. गा हे अक्राचे मूळ रहिवासी. मुंबईचे जसे कोळी.

कोळ्यांची आठवण उगीच काढलेली नाही. गा लोकांत पुरुषाने समुद्रावर जायचं, आणि आलेली मासळी बायकोने घ्यायची, धुरी द्यायची, विकायची. ‘घ्यायची’ म्हणजे विकत घ्यायची! नवरा असला तरी हिशेब वेगळा. मंगळवारी समुद्रावर जायचं नाही हा तिथला नेम, दर्याचा वार. जुन्या अक्रातल्या वाड्यांमधून पूर्वी नवरा-बायको एका छपराखाली राहतच नसत. बाई लग्नानंतरही आपल्या आईच्या, मावशांच्या, आजीच्या घरात राहायची. संध्याकाळी पोरांच्या हाती नवऱ्याकडे जेवणाची भांडी धाडायची. आता ही पद्धत पुष्कळ मोडली आहे. पण पैसे ज्याचे त्याच्याजवळ, ही सवय राहिली.

याचा अनुभव बैठकीत आला. आपल्या शिबिरांत आपण नेहमी विचारतो तसा प्रश्न मी तिथे विचारला. “तुमच्या कमाईवर ताबा कुणाचा? नवरा पैसे काढून घेतो का?” एक जाडजूड कांदेवाली बाई माझ्याकडे बघतच राहिली. मग शेजारणीला कोपर मारून हसली. तिने सांगितलं, “काढून कशाला घेईल? उसने मागतो.” पण लगेच दुसरी म्हणाली, हसू नका. पैसे आमचे म्हणून पोरांच्या फिया आमच्या, धान्य आमचं, सासूचं औषधही आमचं. तो म्हणतो तुझा धंदा चाललाय ना चांगला. या बोलण्यावर मात्र आक्कांनी दुभाषाची वाट न बघता मान डोलावली.

बचतीचं सांगते. तिथे ‘सुसू’ म्हणतात. नावाला हसू नका, आम्ही दोघी आधीच हसून घेतलंय. एक माणूस रोज बाजारात फिरतो, प्रत्येकीकडून रोज ठरलेली सारखीच रक्कम घेतो, कार्डावर खूण करतो. महिना संपला की सगळे पैसे परत, एका दिवसाची रक्कम तेवढी त्याची मजुरी. म्हणजे बाई आपलेच पैसे राखायला दुसऱ्याला पैसे देते. बँकेतले साहेब याला अडाणीपणा म्हणतील. पण बँक दुकानाशी येत नाही, सुसूवाला येतो. आणि हातात पैसा राहिला तर घरचा कुणीतरी मागतो. आपल्या भिशीचं गणित याहून वेगळं आहे का? आक्कांनी त्या सुसूवाल्याला गाठून त्याचं कार्ड पाहिलं, उलटसुलट केलं, आणि “खाडाखोड न्हाई,” असा शेरा दिला.

याच शहरातल्या एका बाईची गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण तिचा धागा आपल्यापर्यंत येतो. एस्थर ओक्लू. शाळा संपली तेव्हा हातात मावशीने दिलेले दहा शिलिंग. त्यातून संत्री आणि साखर घेऊन मुरंबा केला आणि रस्त्यावर विकला. बरोबरीच्या शिकलेल्या मुली हसल्या. त्यातूनच पुढे कारखाना उभा राहिला. १९७५ च्या मेक्सिकोतल्या स्त्रियांच्या जागतिक परिषदेनंतर, गरीब बाईला कर्ज कसं मिळेल या प्रश्नाभोवती ज्या बायका जमल्या, त्यांत अक्राच्या एस्थरबाई होत्या आणि अहमदाबादच्या इलाबेन भट्टही होत्या. त्यातून ‘विमेन्स वर्ल्ड बँकिंग’ उभी राहिली. साल १९७९.

हे साल लक्षात ठेवा. कारण त्याच १९७९ च्या १८ ऑगस्टला अक्रात सैनिकांनी मकोला बाजार जमीनदोस्त केला.

आता मी ज्यासाठी बोलायला उभी राहिले ते सांगते.

सत्तरच्या दशकात घानात लष्करी राजवट होती. महागाई अशी की १९७७ साली एका वर्षात भाव दुपटीहून वर गेले. का गेले? सरकारने नोटा छापल्या होत्या. सेडी या त्यांच्या चलनाचा सरकारी भाव एक आणि खरा भाव भलताच. आयातीचे परवाने वरच्यांच्या मर्जीतल्या माणसांना. शेतकऱ्याला कोकोचा भाव इतका कमी की कोको चोरवाटांनी शेजारच्या देशांत जायचा. साबण नाही, साखर नाही, डब्यातलं दूध नाही. साठेबाजी आणि नफेखोरी यांना तिथे एक शब्द होता, ‘कालाबुले’. माझ्या कानाला तो ‘काळाबाजार’सारखाच लागला.

जून १९७९ मध्ये जेरी रॉलिंग्ज या तरुण वैमानिक अधिकाऱ्याच्या नावाने कनिष्ठ सैनिकांनी सत्ता घेतली. भ्रष्टाचार निपटून काढायचा होता. तीन माजी राष्ट्रप्रमुखांसह आठ बड्या लष्करी अधिकाऱ्यांना गोळ्या घातल्या. आणि मग फौज बाजाराकडे वळली. सरकारी भावात विका म्हणून बंदुका रोखल्या. बायकांना चारचौघांत फटके मारले. काहींना कपडे उतरवून मारलं. शेवटी मकोला लुटला, सुरुंग लावले, बुलडोझर फिरवला. त्या जागेवर पुढे गाड्या उभ्या करायचं मैदान झालं. त्याला नाव काय पडलं माहीत आहे? रॉलिंग्ज पार्क.

आम्हाला बाजार दाखवणाऱ्या एक कापडवाल्या बाई होत्या, साठीला टेकलेल्या. तिथे वडीलधाऱ्या बाईला ‘आंटी’ म्हणतात, तसंच मीही म्हणते. त्या वेळी त्या पंधरा वर्षांच्या होत्या. आईबरोबर गाळ्यावर बसायच्या. त्या म्हणाल्या, त्या दिवशी आईने एकच गोष्ट वाचवली, उधारीची वही. माल गेला, गाळा गेला. वही मात्र कमरेच्या कापडात गुंडाळून घरी आणली. नंतर दोन वर्षं ती वही घेऊन आई दारोदार फिरली. निम्म्यांनी सांगितलं, बाजारच नाही तर उधारी कसली?

मी विचारलं, “लोक काय म्हणाले?” मला वाटलं होतं, लोक हळहळले असं ऐकायला मिळेल. आंटी शांतपणे म्हणाल्या, “लोकांनी टाळ्या वाजवल्या.”

ही आंटींच्या मनातली अढी नव्हे. त्या काळात शहरातल्या पुष्कळ माणसांना खरोखरच आनंद झाला होता. कारकुनाला, शिक्षकाला, सैनिकाला आणि त्यांच्या बायकांनाही. कारण परवाने वाटणारा अधिकारी कुणी पाहिलेला नव्हता. नोटा छापणारी यंत्रं कुणी पाहिली नव्हती. साबणाचा चढा भाव सांगणारं जे तोंड रोज समोर दिसत होतं, ते मकोलातल्या बाईचं होतं. काही बड्या व्यापारी बाया साठा करत असतील. करत होत्याच. पण मिरचीचे चार ढीग लावून बसलेलीचाही बाजार त्याच बुलडोझरखाली गेला.

आणि भाव? भाव उतरले नाहीत. १९८३ साली महागाई पुन्हा शंभर टक्क्यांच्या वर होती.

आंटी हे सांगत होत्या तेव्हा मला माझी आई आठवत होती. आम्ही तेव्हा गोरेगावला राहायचो. १९७२ च्या दुष्काळानंतर मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर यांनी महागाईविरुद्ध बायकांना रस्त्यावर आणलं. लाटणी घेऊन, थाळ्या वाजवत. आई त्या मोर्चात गेली होती, आणि दहा वर्षांची मी तिचा पदर धरून. माझ्या राजकीय आयुष्याची सुरुवात म्हणून हा प्रसंग मी आजवर किमान पन्नास सभांत सांगितला असेल. त्या मोर्चाचा रोख सरकारवर आणि साठेबाजांवर होता, आणि तो बरोबरच होता. पण त्याच दिवसांतली दुसरी आठवण मी कधी सांगितली नाही. मोर्चाहून परत येताना स्टेशनबाहेरच्या भाजीवालीने वाटाण्याचा भाव सांगितला, आणि आईने लाटणं तिच्या टोपलीवर आपटून म्हटलं, “तुम्हीच लुटता आम्हाला!” आजूबाजूच्या बायका हसल्या. मीही हसले. भाजीवालीने सांडलेल्या शेंगा वेचल्या, एवढं मला आठवतं. तिचा चेहरा आठवत नाही.

हे मी आंटींना सांगितलं. का सांगितलं कुणास ठाऊक. त्या म्हणाल्या, “तुझ्या आईचंही चुकलं नाही. तिला पोरं जेवायला घालायची होती. माझ्या आईलाही.” आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.

आम्ही गेलो तेव्हाही घानात महागाईच होती. डिसेंबर २०२२ ला दर चौपन्न टक्क्यांवर गेला होता. हॉटेलातला शिपाई, टॅक्सीवाला, प्रत्येक जण सांगायचा, “बाजारातल्या बायकांनी लूट मांडलीय.” म्हणजे अजूनही तेच.

थोडं हलकं सांगते. आंटींच्या दुकानात कापडाची तागे लावलेली भिंत होती. मेणछपाईची भडक कापडं. मूळ जावाच्या बाटिकची नक्कल, डच गिरणीवाल्यांनी आफ्रिकेत आणलेली. पण प्रत्येक नक्षीला नाव असतं, आणि त्यांतली कितीतरी नावं बाजारातल्या बायकांनी ठेवलेली आहेत. उडत्या पाकोळ्यांची एक नक्षी, तिचं नाव ‘पैशाला पंख असतात’. दुसरीचं नाव ‘चांगल्या मण्यांचा आवाज होत नाही’. म्हणजे सवतीने, जावेने टोमणा मारला की बोलायचं काही नाही, हे कापड नेसून तिच्या दारावरून जायचं. नाव चांगलं पडलं तर कापड खपतं. म्हणून गिरणीवालेही या बायकांना धरून असतात. आक्कांनी पंखवालं घेतलं. आता त्याची उशी झालीय. आणि एक. जवळच तेशी गावात सुतार माणसाच्या धंद्याप्रमाणे शवपेट्या करतात. कोळ्याला माशाच्या आकाराची, कांदेवालीला कांद्याच्या. आक्का म्हणाल्या, “मला मेथीची जुडी करायला सांगा!”

कायद्यांचं थोडक्यात. घाना १९५७ ला स्वतंत्र झाला. १९६० साली त्यांनी कायदा करून संसदेत दहा स्त्रिया घेतल्या. पुढे ते टिकलं नाही. १९८५ च्या वारसा कायद्याने विधवेला आणि मुलांना घरावर आणि घरातल्या वस्तूंवर हक्क दिला. त्याआधी अकान लोकांत नवरा मेला की त्याचे भाचे येऊन बाईला बाहेर काढू शकायचे. गंमत बघा, हा कायदा त्याच रॉलिंग्जच्या दुसऱ्या राजवटीत झाला. माणसं अशी सरळ रेघेत बसत नाहीत. घरगुती हिंसाचाराचा कायदा त्यांचा २००७ चा, आपला २००५ चा. लग्नातल्या बलात्काराच्या मुद्द्यावरून तिथेही ‘संस्कृती बुडाली’ची ओरड झाली होती. तेव्हा त्या बाबतीत आपण बहिणीबहिणी.

आता अवघड भाग.

मकोलात प्रत्येक मालाची एक राणी असते. टोमॅटोची राणी, कंदांची राणी, मासळीची राणी. भांडणं ती मिटवते, नडलेलीला माल उधार देते, कुणी मेलं तर वर्गणी काढते, नगरपालिकेशी बोलते. आपल्या कार्यकर्त्या जे दहा वर्षांत उभं करू शकत नाहीत, ते तिथे परंपरेने आहे. मी तर भारावून गेले. पण तिसऱ्या दिवशी एका तरुण बाईने चहाच्या वेळी बाजूला घेऊन सांगितलं, राणीच्या परवानगीशिवाय टोमॅटोची एक पेटीही आत येत नाही. उन्हाळ्यात टोमॅटो उत्तरेकडून, बुर्किना फासोतून ट्रकने येतात. कुणाचा ट्रक कधी उतरणार ते राणी ठरवणार. हिची स्वतःची शेती होती, पण बाजारात बसायला जागा नाही. म्हणजे बाईच्या हाती सत्ता आली की ती आपोआप मायेची होते, असं काही नाही. हे आपल्याला माहीत असतं. तरी दर वेळी नव्याने कळतं.

आणि राणीच्या खाली, आंटीच्या खाली, मिरचीवालीच्याही खाली, आणखी एक थर असतो.

शेवटच्या दिवशी आम्ही मकोलात खरेदी केली. कापड, आपल्या ऑफिससाठी पुस्तकांचा गठ्ठा, शिया तेलाचे डबे. माझा खांदा दुखायला लागला. बरोबरच्या कार्यकर्तीने हाक मारली आणि गर्दीतून एक मुलगी आली. डोक्यावर न्हाणीघरात असतं तसं मोठं पत्र्याचं घमेलं, पाठीला फडक्याने बांधलेलं सहा-सात महिन्यांचं मूल. या मुलींना ‘कायायेई’ म्हणतात. ‘काया’ म्हणजे ओझं हा हाउसा भाषेतला शब्द, ‘येई’ म्हणजे बायका हा गा भाषेतला. म्हणजे नावातच दोन मुलुख. बहुतेक मुली उत्तर घानातल्या, जिथे पाऊस एकदाच आणि शेती एकाच हंगामाची. तिथून अक्राला येतात आणि बाजाराचं ओझं वाहतात. जुन्या कपड्यांच्या कांतामांतो बाजारात तर परदेशातून येणारे पंचावन्न किलोचे गठ्ठे डोक्यावरून नेतात.

मी म्हटलं, नको, मीच उचलते. मला लाज वाटली. लहान मुलीच्या डोक्यावर माझी पुस्तकं, तीही स्त्रियांच्या हक्कांवरची! आक्का मला ओरडल्या. “ताई, तुमची लाज तिच्या काय कामाची? दुपार झालीया, बोहनी तरी झाली का बगा तिची.” मग त्यांनीच पुढे होऊन सामान घमेल्यात नीट लावलं, जड खाली, हलकं वर, आणि डोक्यावर चढवताना हात लावला. लहानपणी स्वतः पाटी वाहिलेल्या बाईचा हात होता तो. मुलीला ते कळलं. भाषा कळायची गरज पडली नाही.

गाडीपाशी तिला केंकी आणि तळलेला मासा घेऊन दिला. केंकी म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पिठाचा उकडलेला गोळा, कणसाच्या पातीत गुंडाळलेला. चव आपल्या आंबिलीच्या जवळची. ती खाताना थोडं बोलली. गाव तामालेच्या बाजूला. वय सतरा सांगितलं, मला चौदा-पंधरा वाटली. शिलाई शिकायला आणि मशीन घ्यायला पैसे जमवायला आलेली. रात्री दुकानांच्या ओट्यावर इतर मुलींबरोबर झोपते. आंघोळीला पैसे, संडासाला पैसे. रोज सुसूवाल्याला थोडे. पूर्वी तर तिथल्या स्थानिक संस्था या मुलींकडूनही बाजाराची पट्टी वसूल करायच्या! ओझं वाहायचं आणि वर कर भरायचा. २०१७ च्या अर्थसंकल्पात सरकारने ती पट्टी रद्द केली.

मजुरी पाच सेडी ठरली होती. आपले तीस-पस्तीस रुपये. आणि ठरवताना आमच्या कार्यकर्तीने, चांगल्या, लढाऊ, १९७९ बद्दल बोलताना डोळ्यांत पाणी आणणाऱ्या कार्यकर्तीने, तिच्याशी घासाघीस केली होती. सवयीने. मी जास्त दिले. पण ते काही उत्तर नव्हे, हे मलाही कळतं.

परतीच्या विमानात मी आक्कांना माथाडी कायद्याबद्दल सांगत होते. डोक्यावर, पाठीवर ओझं वाहणाऱ्यांसाठी महाराष्ट्राने १९६९ साली कायदा केला, मंडळं झाली, मजुरी ठरली. असं तिथे या मुलींसाठी झालं तर? मी रंगात आले होते. आक्का ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, “आपल्याकडं जुड्या बांधाय बसत्यात त्या पोरींला हाय का त्यो कायदा?”

मी गप्प झाले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आपल्या सभासद भाजीवाल्या आहेत, त्यांच्या हाताखाली बायका असतात. पहाटे ट्रक आला की गोणी ओढणाऱ्या, मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या बांधणाऱ्या, लसूण सोलणाऱ्या. पुष्कळशा परगावहून आलेल्या. त्यांत चौदा-पंधरा वर्षांच्या मुली आहेत. शेकड्याच्या हिशेबाने पैसे. २०१४ चा पथविक्रेत्यांचा कायदा आला तेव्हा सर्वेक्षणासाठी, ओळखपत्रांसाठी आपण किती झगडलो! अतिक्रमणाची गाडी आली की आपण गाडीपुढे आडव्या झालो. पण ओळखपत्र जिच्या नावाची पथारी तिला. जुडी बांधणारी त्या यादीत कुठेच नाही. आपल्या सभासद नोंदवहीतही नाही. मी तीस वर्षं ती नोंदवही सांभाळते आहे.

या जानेवारीत बातमी आली, कांतामांतो बाजार आगीत जळाला. मी अक्रातल्या मैत्रिणीला फोन केला. गाळेवाल्यांची यादी होतेय, मदत गोळा होतेय, पुन्हा बांधायला सुरुवातही झालीय, असं ती म्हणाली. मी विचारलं, कायायेई मुलींची यादी? “ती कोण करणार?” ती म्हणाली. “कुणी किती जणी होत्या हेच माहीत नाही.”

म्हणून मागच्या कार्यकारिणीत मी विषय मांडला. जुड्या बांधणाऱ्या, सोलणाऱ्या बायकांना सभासद करून घ्यावं, वर्गणी निम्मी ठेवावी. तुमच्यातल्या अनेक जणी होत्या, त्यामुळे काय झालं ते सांगायला नको. आरडाओरडा झाला. एकीने विचारलं, पावसात माल सडतो तेव्हा त्या वाटेकरी होतात का? रास्त प्रश्न आहे. आमचंच हातावर पोट, आम्ही कुठले मालक, असंही झालं. आणि सगळ्यांत स्पष्ट आक्काच बोलल्या. विमानात ज्यांनी मला प्रश्न विचारला त्याच आक्का. “सभासद करा, माझी ना न्हाई. पर उद्या त्या शेकड्यामागं दोन रुपये वाढवून मागणार, आन् माझ्याच दारात मोर्चा आणणार. मग ताई, तुमी कुणीकडं उभ्या राहणार?”

मला तिथल्या तिथे उत्तर देता आलं नाही. ठराव झाला नाही. पुढच्या मंगळवारी साडेपाचला, बाजार उठल्यावर, पुन्हा हाच विषय आहे. आक्कांनी त्यांच्याकडच्या दोघींना घेऊन यायचं कबूल केलंय. बाकीच्यांनीही आणा.